दातांतले ठाणे : फोकल इन्फेक्शन सिद्धान्ताचा इतिहास

१९२५ साली बंगळूरुच्या वेड्यांच्या इस्पितळाला ‘मेंटल हॉस्पिटल’ हे नाव मिळाले. पुढे १९५४ मध्ये तिथे अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था निघाली आणि १९७४ मध्ये दोन्ही एकत्र होऊन निम्हान्स झाले. नाव बदलले याचा अर्थ असा की आतली माणसे आता ‘रुग्ण’ ठरली. रुग्ण म्हटला की उपचार आले. पण त्या काळी जगातल्या कुठल्याही मनोरुग्णालयाकडे खात्रीचे औषध जवळजवळ नव्हते. या पोकळीत पाश्चात्त्य वैद्यकाने एक उत्तर पुढे केले होते : दात काढा.

या उत्तरामागचा सिद्धान्त म्हणजे ‘फोकल इन्फेक्शन’. शरीरात कुठेतरी जंतूंचे लपलेले ठाणे असते, तिथून जंतू व विष रक्तावाटे पसरतात आणि दूरच्या अवयवात रोग उपटतो, असे त्याचे म्हणणे. १८९० च्या सुमारास डब्ल्यू. डी. मिलर यांनी तोंडातल्या जंतूंचा पद्धतशीर अभ्यास केला. १९१० मध्ये लंडनचे डॉक्टर विल्यम हंटर यांनी माँट्रियलच्या मॅक्‌गिल विद्यापीठात भाषण केले. कुजलेल्या मुळांवर सोन्याच्या टोप्या बसवणाऱ्या दंतवैद्यांना त्यांनी त्यात धारेवर धरले. संधिवात, रक्तक्षय, डोळ्यांचा दाह, न संपणारा थकवा, ज्याचे कारण सापडत नाही ते सारे दातांच्या माथी मारता येऊ लागले.

हा निव्वळ मूर्खपणा होता असे विद्यार्थ्यांनी समजू नये. १९१३ मध्ये नोगुची आणि मूर यांना वेडाच्या एका प्रकारात मेंदूत उपदंशाचे जंतू सापडले होते. एका वेडामागे जंतू निघाला, मग बाकीच्यांमागे का नसावा? प्रश्न रास्तच होता.

अमेरिकेतील न्यू जर्सीच्या ट्रेंटन मनोरुग्णालयाचे प्रमुख हेन्री कॉटन यांनी मात्र प्रश्नालाच उत्तर मानले. त्यांनी रुग्णांचे दात काढले. गुण आला नाही तर टॉन्सिल, तरीही नाही तर मोठ्या आतड्याचा भाग. ८५ टक्के रुग्ण बरे होतात असा त्यांचा दावा होता. आतड्याच्या शस्त्रक्रियेत सुमारे एकतृतीयांश रुग्ण दगावत. अनेकांवर हे त्यांच्या इच्छेविरुद्ध झाले. कॉटन यांना ढोंगी म्हणता येत नाही, कारण त्यांनी पत्नीचे, मुलांचे आणि स्वतःचेही दात काढवून घेतले. या विचारात हार मानायला जागाच नव्हती. रोगी बरा झाला तर सिद्धान्त खरा, न झाला तर ठाणे अजून कुठेतरी दडलेले!

तपासणीचा साधा मार्ग होता. न्यूयॉर्कमध्ये कोपेलॉफ आणि चेनी यांनी १९२२ च्या सुमारास ठाणी काढलेले आणि न काढलेले रुग्ण शेजारी ठेवून पाहिले. फरक दिसला नाही. ट्रेंटनची चौकशी १९२४ ते १९२६ दरम्यान डॉ. फिलिस ग्रीनएकर यांनी केली. जितके उपचार अधिक तितकी अवस्था वाईट, असे त्यांना आढळले. त्यांचे वरिष्ठ अ‍ॅडॉल्फ मायर यांनी तो अहवाल प्रसिद्ध होऊ दिला नाही. माझ्या मते या इतिहासातला सर्वांत मोठा दोष तोच.

गंमत अशी की आपल्याकडे लोकसमजूत नेमकी उलट. वरचा दात काढला की नजर जाते, असे आजही घरोघर सांगतात. तिकडे डोळे वाचावेत म्हणून दात उपटले जात होते, इकडे डोळ्यांच्या भीतीने किडका दात तोंडात राहतो. दोन्हीकडे दात गेल्यानंतर जे घडले ते दात गेल्यामुळेच घडले, असे धरले जाते.

१९३८ मध्ये सेसिल आणि अँजेव्हिन यांनी संधिवाताचे २०० रुग्ण तपासून सिद्धान्ताला आधार नसल्याचे लिहिले; सेसिल हे पूर्वी त्याचेच पुरस्कर्ते होते. १९४० नंतर ही लाट ओसरली. पण त्यातला खरा भाग उरलाच होता. १९३५ मध्ये लंडनमध्ये ओकेल आणि इलियट यांनी दात काढल्यावर लगेच रक्त तपासले. हिरड्या खराब असलेल्यांपैकी बहुतेकांच्या रक्तात स्ट्रेप्टोकोकस जंतू मिळाले. निरोगी माणसात ते थोड्या वेळात नाहीसे होतात. हृदयाची झडप आधीच बिघडलेली असेल तर तिथे रुजून जिवावर बेततात. संधिवाती तापाने झडपा खराब झालेले रुग्ण भारतात आजही पुष्कळ आहेत. त्यामुळे बंगळूरु असो वा सोलापूर, झडप बदलण्याआधी डॉक्टर दात तपासून घ्यायला सांगतात. मधुमेह आणि हिरड्यांचा रोग एकमेकांना वाढवतात, हेही आता मान्य आहे.

१९८९ मध्ये फिनलंडमधील मॅटिला आणि सहकाऱ्यांना हृदयविकाराचा झटका आलेल्यांचे दात इतरांपेक्षा खराब दिसले आणि जुनी चर्चा पुन्हा उघडली. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१२ मध्ये पुरावे चाळून सांगितले की दोहोंत संबंध दिसतो, पण एकामुळे दुसरे होते हे सिद्ध झालेले नाही. विडी ओढणाऱ्याच्या हिरड्याही बिघडतात आणि हृदयही. त्याचे सगळे दात काढले तरी विडी हातात राहतेच.