मेंदूलहरींचे मापन आणि चित्ताची साक्ष

विनयपिटकातील महावग्गात मगध देशात फैलावलेल्या पाच आजारांचा उल्लेख येतो. कुट्ठ, गण्ड, किलास, सोस आणि अपमार ही त्यांची नावे. जीवक कोमारभच्च हा राजा बिम्बिसाराचा आणि भिक्खुसंघाचा वैद्य. त्याच्या हातचा उपचार मिळावा म्हणून रोगी माणसे संघात येऊ लागली आणि बरी झाली की चीवर उतरवून घरी परतू लागली; तेव्हा जीवकाच्याच विनंतीवरून अशा रोग्यांना प्रव्रज्या न देण्याचा नियम घालून देण्यात आला. उपसंपदेच्या वेळी उमेदवाराला या पाच आजारांविषयी विचारले जाते, ते आजतागायत. या नियमाने अपमाराच्या रोग्याला संघाचे दार बंद झाले ही गोष्ट खरी आहे आणि ती सौम्य करून सांगण्याचे आम्हाला कारण दिसत नाही. परंतु तेथे दिलेले कारणही नीट वाचले पाहिजे. त्यात भूतबाधा नाही, देवीचा कोप नाही, कुळाचा दोष नाही. अपमार हा आबाध आहे, म्हणजे आजार आहे, आणि तो वैद्याच्या अखत्यारीतला आहे.

अपमार हे संस्कृत ‘अपस्मार’ या शब्दाचे पालि रूप. ज्या ‘स्मृ’ धातूपासून ‘सति’ हा शब्द झाला, त्याच धातूचा हा शब्द. सति हरपणे, भान जाणे, असा त्याचा अर्थ. आपल्याकडे यालाच फेफरे किंवा मिरगी म्हणतात, आणि रोग्याच्या नाकाशी कांदा किंवा जोडा धरण्याचा प्रघात अजून पुरता गेलेला नाही. भान हरपते तेव्हा मेंदूत नेमके काय घडते, हे दिसावयास विसावे शतक उजाडावे लागले. ज्या साधनाने ते दिसले, त्याचा इतिहास आमच्या वाचकांनी अवश्य जाणून घ्यावा असा आहे. माणसाला बरे करण्याची इच्छा आणि माणसाची प्रतवारी लावण्याची इच्छा या दोन्ही त्यात एकाच छपराखाली नांदताना दिसतात.

प्राण्यांच्या मेंदूत विद्युत् प्रवाह असतात हे लिव्हरपूलचे डॉक्टर रिचर्ड केटन यांनी १८७५ मध्येच सांगितले होते. ससे आणि माकडे यांच्या उघड्या मेंदूवर त्यांनी गॅल्व्हानोमीटर लावून पाहिला होता. माणसाच्या मेंदूची अशी नोंद प्रथम घेतली ती जर्मनीतील येना विद्यापीठाचे मनोविकारतज्ज्ञ हान्स बर्गर यांनी, १९२४ मध्ये. त्यांच्या या शोधाची प्रेरणा विलक्षण होती. तरुणपणी लष्करी सेवेत असताना ते घोड्यावरून पडले आणि तोफगाड्याखाली चिरडता चिरडता वाचले. त्याच दिवशी दूर गावी असलेल्या त्यांच्या बहिणीला भावाविषयी अनिष्ट शंका आली आणि वडिलांची तार येऊन थडकली. आपल्या भीतीचा संदेश मनातून मनाकडे गेला, असा बर्गर यांनी या प्रसंगाचा अर्थ लावला आणि त्या मानसिक शक्तीचे माप काढण्यासाठी ते मेंदूकडे वळले. ती शक्ती त्यांना सापडली नाही. सापडली ती एक नागमोडी रेषा. स्वस्थ बसून डोळे मिटले की सेकंदाला सुमारे दहा वेळा वरखाली होणारी, आणि डोळे उघडताच विरून जाणारी. तिला त्यांनी अल्फा हे नाव दिले. १९२९ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केले तेव्हा पुष्कळांनी विश्वास ठेवला नाही. १९३४ मध्ये केंब्रिज येथे एड्रियन आणि मॅथ्यूज यांनी तोच प्रयोग करून दाखविला आणि मग मात्र जगाने तो मान्य केला.

ही रेषा म्हणजे काय, हे एका परिचित उदाहरणाने सांगता येईल. धम्मचक्र प्रवर्तन दिनी दीक्षाभूमीच्या भिंतीबाहेर कोणी उभा राहिला तर आत कोण काय बोलत आहे ते त्याला कळणार नाही. पण लाखो कंठ एका लयीत त्रिशरण म्हणत आहेत की समुदाय आपापल्या बोलण्यात गुंतला आहे, एवढे त्याला निश्चित कळेल. मेंदूतील असंख्य मज्जापेशींच्या विद्युत् हालचाली एका तालात आल्या की कवटीबाहेर मोठ्या लहरी उमटतात. त्या आपापल्या कामाला लागल्या की लहरी बारीक व विस्कळीत होतात. कवटीवर लावलेल्या तारांपर्यंत जे पोहोचते ते व्होल्टच्या काही दशलक्षांश भागांइतकेच असते. या रेषेतून समुदायाची लय कळते. व्यक्तीचा शब्द कळत नाही.

अपस्माराच्या रोग्यांना या साधनाचा मोठा लाभ झाला. १९३५ मध्ये अमेरिकेत गिब्ज, डेव्हिस आणि लेनॉक्स यांनी दाखवून दिले की, काही क्षण टक लावून भान हरपणाऱ्या रोग्यांच्या मेंदूत त्या क्षणी सेकंदाला सुमारे तीन या गतीने टोकदार लहरींची मालिका उमटते. झटका ओसरला की मालिकाही थांबते. ज्याला शतकानुशतके अंगात येणे म्हटले गेले, त्याचे चित्र कागदावर उतरले. उपचाराची दिशा ठरविण्यासाठी आजही जिल्ह्याच्या ठिकाणी काढला जाणारा ईईजी तो हाच.

त्याच वर्षांत बर्गर यांच्या देशात काय चालले होते? १४ जुलै १९३३ रोजी नाझी राजवटीने आनुवंशिक रोग्यांच्या संततीला प्रतिबंध करणारा कायदा केला. त्या कायद्याच्या यादीत मतिमांद्य, काही मनोविकार, आनुवंशिक अंधत्व व बहिरेपण यांच्याबरोबर आनुवंशिक अपस्मारही होता. त्यासाठी खास न्यायालये स्थापन झाली आणि पुढील काळात सुमारे ४ लाख स्त्रीपुरुषांचे सक्तीने निर्बीजीकरण करण्यात आले. बर्गर १९३८ मध्ये निवृत्त झाले आणि १९४१ मध्ये त्यांनी आत्महत्या केली. नाझींच्या छळाला बळी पडलेला सज्जन शास्त्रज्ञ असे त्यांचे चित्र दीर्घकाळ रंगविले जात होते. जर्मन कागदपत्रांच्या अलीकडील संशोधनाने ते पुसले गेले आहे. बर्गर एसएस संघटनेचे आश्रयदाते सदस्य होते आणि येना येथील आनुवंशिक आरोग्य न्यायालयाच्या कामात त्यांचा सहभाग होता. म्हणजे ज्या हाताने अपस्मारावरील पडदा दूर होण्याची सोय केली, तोच हात अपस्माराच्या रोग्याला अपत्य होऊ न देण्याच्या निवाड्यांतही होता. या दोन गोष्टी एका माणसात कशा मावल्या असतील, असा प्रश्न आमच्या एका विद्यार्थ्याने विचारला. मावतात, चातुर्वर्ण्याचे समर्थन करणारे प्रकांड पंडित आपण पाहिलेले आहेतच.

हा प्रश्न परदेशाचाच आहे असे मात्र कोणी समजू नये. ज्या हिंदू विवाह कायद्याच्या कक्षेत बौद्धांनाही धरलेले आहे, त्यात १९७६ च्या दुरुस्तीने वेड किंवा अपस्मार यांचे वारंवार झटके ही विवाहाला बाधा ठरविण्यात आली होती. अपस्मार हा शब्द तेथून निघाला तो १९९९ मध्ये. बोस्टनमधील त्या आलेखाला तेव्हा ६४ वर्षे झाली होती. या २३ वर्षांत किती मुलींनी आपला आजार लपवून आणि औषध टाळून दिवस काढले असतील, त्याची नोंद कोणत्याच कागदावर नाही.

मापनाकडे कसे पाहावे याचा धडा डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी आपल्याला घालून दिलेला आहे. १९४८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द अनटचेबल्स’ या ग्रंथात त्यांनी नाकाच्या व डोक्याच्या मापांना हात लावण्याचे टाळले नाही. डॉ. घुर्ये यांनी दिलेलीच मापे त्यांनी घेतली, ती शेजारी शेजारी मांडली, आणि ब्राह्मण व अस्पृश्य हे भिन्न वंशाचे आहेत हे मत त्या मापांवर टिकत नाही असे सिद्ध केले. माप कोणत्या प्रश्नाचे उत्तर देऊ शकते हे त्यांनी आधी तपासले. मेंदूलहरींनाही हीच कसोटी लावावयास हवी.

या कसोटीवर सर्वांत स्वच्छ उतरते ते निद्रा आणि श्रम यांचे संशोधन. झोपेच्या पायऱ्या लहरींवरून ओळखता येतात हे १९३५ ते १९३७ या काळात लूमिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले होते. पुढे यंत्रे लहान झाली आणि माणसाला प्रयोगशाळेत आणण्याऐवजी यंत्रच त्याच्या कामाच्या जागी नेता येऊ लागले. १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्वीडनमधील एका अभ्यासात ११ आगगाडीचालकांच्या डोक्याला तारा लावून त्यांची रात्रीची आणि दिवसाची फेरी नोंदविली गेली. रात्रीच्या फेरीत जागेपणीच त्यांच्या मेंदूत गुंगीच्या लहरी वाढत गेल्या आणि चौघांनी डुलकी लागल्याचे मान्य केले. त्यानंतर दोन वर्षांनी कागद गिरणीतील २५ पाळी कामगारांची चोवीस तासांची नोंद प्रसिद्ध झाली. त्यांतील सुमारे पंचमांश कामगार रात्रपाळीत कामावर असतानाच झोपी गेले होते. ते आळशी होते म्हणून नव्हे. दिवसा घेतलेली झोप तुटक व अपुरी होती आणि देहाचे घड्याळ रात्री त्यांना झोपेकडे ओढत होते. मुंबईच्या गिरण्यांत ज्यांच्या बापजाद्यांनी रात्रपाळ्या काढल्या, त्यांना हे नवे नाही. नवे एवढेच की मुकादमाच्या शिवीला आता आलेखाने उत्तर देता येते.

परिसराचेही तसेच. जर्मनीत कोलोन-बॉन विमानतळानजीकच्या ६४ रहिवाशांची झोप त्यांच्याच घरी नोंदविण्यात आली. कानाशी पोहोचणारा विमानाचा आवाज अवघा ३३ डेसिबलच्या आसपास असला तरी जाग येण्याची शक्यता वाढू लागते, असे त्यात आढळले. सकाळी त्या माणसाला आपण जागे झालो होतो हे आठवतही नाही, रेषेला आठवते. विमानतळाच्या भिंतीला खेटून कोणाच्या वस्त्या असतात, हे मुंबईकर वाचकांना सांगावयास नको.

येथे अंगुत्तरनिकायातील एका सुत्ताची आठवण होते. मगधातील कल्लवाळपुत्त गावी महामोग्गल्लान बसल्या जागी पेंगत होते. तथागतांनी त्यांना क्रमाने उपाय सांगितले. आधी ज्या संज्ञेने पेंग येते ती सोडावी, मग ऐकलेल्या धम्माचे चिंतन करावे, त्याचे पठण करावे, कान ओढावेत व अंग चोळावे, उठून डोळ्यांना पाणी लावावे आणि दिशा व नक्षत्रे न्याहाळावीत, प्रकाशाची संज्ञा मनात धरावी, चंक्रमण करावे. एवढे करूनही थीनमिद्ध जात नसेल तर उजव्या कुशीवर निजावे. हा शेवटचा उपाय आम्हाला फार महत्त्वाचा वाटतो. अर्हत्त्वाच्या वाटेवर असलेल्या मोग्गल्लानालाही झोपेची परवानगी आहे.

ध्यान करणाऱ्यांच्या मेंदूलहरींचा गवगवा पुष्कळ झाला, म्हणून त्याविषयी थोडे लिहितो. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील आनंद, छिना आणि सिंग यांनी १९६१ मध्ये योग्यांची नोंद प्रसिद्ध केली. समाधीत आवाज, प्रकाश यांनी अल्फा लहर मोडत नाही, असे त्यांना आढळले. १९६६ मध्ये जपानचे कासामात्सू आणि हिराई यांनी झेन भिक्खूंत उलट प्रकार नोंदविला. एकच टकटक पुन्हा पुन्हा ऐकविली तरी प्रत्येक वेळी त्यांचा मेंदू ती प्रथमच ऐकल्यासारखा प्रतिसाद देत होता. योगी जगापासून तुटतो आणि बौद्ध साधक सदैव जागृत असतो, असा सुबक निष्कर्ष यावरून काढला गेला आणि आपल्याकडील व्याख्यानांतही तो ऐकू येतो. मात्र १९८१ मध्ये बेकर आणि शपायरो यांनी मोठा गट घेऊन तुलना केली, तेव्हा हा फरक दिसला नाही. त्याआधी १९७६ मध्ये भावातीत ध्यानाच्या पाच अनुभवी साधकांची नोंद घेतली गेली, तेव्हा ध्यानाचा बराच वेळ ते चक्क झोपलेले आढळले. २००४ मध्ये तिबेटी परंपरेतील आठ दीर्घकालीन साधकांत वेगवान गॅमा लहरी मोठ्या प्रमाणात दिसल्या, हे खरे. पण त्यानंतर तीनच वर्षांनी असे दाखविले गेले की, कवटीवर नोंदल्या जाणाऱ्या वेगवान लहरींत डोक्याच्या व मानेच्या स्नायूंचा वाटा फार मोठा असतो. धम्माला यंत्राचे प्रशस्तिपत्र मिळाले म्हणून हुरळणाऱ्यांनी, पुढचे यंत्र ते परत घेईल तेव्हा काय करावयाचे याचा विचार करून ठेवावा.

दुसऱ्याच्या मनातले ओळखण्याच्या चमत्काराला पालि वाङ्मयात आदेसना-पाटिहारिय म्हणतात. नालंदा येथे केवट्ट नावाच्या गृहस्थाने भिक्खूंकडून चमत्कार करवून लोकांना श्रद्धावान करावे अशी विनंती केली, तेव्हा या चमत्काराविषयी आपल्याला किळस वाटते असे तथागतांनी स्पष्ट सांगितले. मंत्रविद्येने असे करणारे लोकही आहेत, मग भिक्खूत आणि त्यांच्यात भेद काय राहिला, असा त्यांचा युक्तिवाद होता. बर्गर ज्या शक्तीच्या शोधात निघाले होते, ती हीच.

तिचा शोध आपल्या देशात पोलीस ठाण्यापर्यंत येऊन पोहोचला. आरोपीच्या डोक्याला तारा लावावयाच्या, गुन्ह्याची वाक्ये ऐकवावयाची आणि लहरींवरून ‘अनुभवजन्य माहिती’ त्याच्या मेंदूत आहे की नाही ते ठरवावयाचे, अशी चाचणी निघाली. जून २००८ मध्ये पुण्यातील सत्र न्यायालयाने एका खून खटल्यात आरोपींना जन्मठेप देताना इतर पुराव्यांबरोबर या चाचणीचाही आधार घेतला. त्याच वर्षी बंगळूरच्या निम्हान्स या संस्थेच्या संचालकांच्या अध्यक्षतेखालील समितीने ही पद्धत शास्त्रीय नाही असा अभिप्राय दिला. ५ मे २०१० रोजी सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी निर्णय दिला की, नार्को, पॉलिग्राफ आणि मेंदूलहरींची ही चाचणी कोणावरही सक्तीने करता येणार नाही. आधार होता संविधानाच्या अनुच्छेद २० मधील तिसऱ्या खंडाचा आणि अनुच्छेद २१ चा. आरोपीला स्वतःविरुद्ध साक्षीदार होण्याची सक्ती करता येत नाही, आणि तोंडातून शब्द न काढताही साक्ष उकळता येते, हे न्यायालयाने ओळखले. चाचणी व्हावयाची असेल तर ती आरोपीच्या संमतीनेच, आणि ती संमती न्यायदंडाधिकाऱ्यासमोर नोंदविलेली असली पाहिजे.