हबशी, हबेशा आणि सचिनचे नवाब

सुरतेच्या गोडादरा भागात खानदेशातून कामधंद्यासाठी आलेली माणसे इतकी आहेत की रस्त्यावर मराठी आणि अहिराणी सर्रास कानी पडते. तिथे एक आजी उन्हात खेळून आलेल्या नातवाला "अरे काळ्या हबश्या" म्हणताना ऐकल्या. शब्द आपल्या ओळखीचाच.

गंमत अशी की अमेरिकेतल्या विद्यापीठांत इथिओपिया व एरिट्रियाची मुले आपल्या मंडळाला हेच नाव मानाने देतात, 'हबेशा'. आपण ते अरबी-फारसीतून 'हबशी' करून घेतले. 1993 साली एरिट्रिया वेगळा झाला, 1998 ते 2000 दोन्ही देश एकमेकांशी लढले. परमुलखात मात्र ही मुले मिळून कॉफी भाजतात, एका थाळीतून इंजेरा खातात, सप्टेंबरात नववर्ष करतात. नाव दोघांनाही चालणारे हवे ना! अर्थात सगळ्यांनाच ते चालत नाही. कित्येक ओरोमोंना ते फक्त अम्हारा-तिग्रिन्यांचे वाटते.

आपल्याकडे एवढा भेद कुणी केला नाही. गोव्यात आफ्रिकेतून आणलेले गुलाम सरसकट 'खाप्री' झाले, दख्खनमध्ये 'हबशी'. पण दख्खनचा हबशी नुसता गुलाम राहिला नाही. विकला गेलेला मलिक अंबर निजामशाहीचा कर्ताकरविता झाला, 1610 च्या सुमारास त्याने खडकी वसवली, तेच पुढचे औरंगाबाद.

आणि सुरतेत? जंजिऱ्याचे सिद्दी मोगलांचे आरमार सांभाळत, त्याचा खर्च सुरतेच्या महसुलातून मिळे. इथला किल्लाही सिद्द्यांकडे होता. 1759 साली तो इंग्रजांनी घेतला. पुढे जंजिऱ्याच्या गादीचा तंटा लागला. बालूमियाँ सिद्दी पुण्याला पेशव्यांकडे आला. 1791 च्या तहाने त्याने जंजिऱ्यावरचा हक्क सोडला आणि त्या बदल्यात त्याला सुरतेजवळचे सचिन मिळाले. पेशव्यांच्या हाती जंजिरा तरीही लागला नाही, तिथला सिद्दी हटलाच नाही! बालूमियाँचे घराणे मात्र सचिनला नांदले, इंग्रजी अमलात त्याला नऊ तोफांची सलामी होती. 1948 साली संस्थान विलीन झाले.

हे सचिन गोडादऱ्यापासून काही फार लांब नाही. आज ते कारखान्यांसाठी ओळखले जाते.