कांदळवनातील मृदाकवके : रहिवासी की आगंतुक?

कांदळवनांच्या मातीत वाढणाऱ्या बुरशींचा, म्हणजेच मृदाकवकांचा, पद्धतशीर अभ्यास सुमारे सात दशकांचा आहे. या काळात अनेक जातींची नोंद झाली व साधनेही पालटली. परंतु एक प्रश्न प्रत्येक पिढीपुढे नव्या रूपाने उभा राहिला. चिखलात सापडलेले कवक त्या चिखलात खरोखर जगते काय, की वाऱ्याने किंवा ओढ्यांनी जमिनीवरून आणून टाकलेला तो केवळ सुप्त बीजाणू असतो? या प्रश्नाचा इतिहास हा बहुतांशी पद्धतीचा आणि परिभाषेचा इतिहास आहे.

प्रश्नाचे मूळ त्या भूमीच्या स्वरूपात आहे. कांदळवन हे नाव कांदळ या एका वृक्षावरून पडले असले, तरी तिवर, चिप्पी इत्यादी वृक्षांच्या साऱ्या समुदायास ते लावले जाते. येथील जमीन भरतीने बुडते व ओहोटीने उघडी पडते. बारीक गाळात प्राणवायू फार खोल शिरत नाही. थोड्याच अंतरावर चिखल काळा पडतो व त्यास हायड्रोजन सल्फाइडचा दर्प येतो. तिवराची श्वसनमुळे जमिनीबाहेर डोकावतात ती याच कारणाने. बहुतेक कवकांनाही प्राणवायूची गरज असते. त्यामुळे वरचा पातळ थर, खेकड्यांच्या बिळांच्या कडा आणि मुळांचा निकटचा परिसर हीच त्यांच्या वाढीची संभाव्य स्थाने ठरतात.

बार्गहूर्न व लिंडर यांनी १९४४ मध्ये समुद्रात बुडालेल्या लाकडावरील कवकांचे विस्तृत विवेचन केले. पुढे १९५५ मध्ये क्रिब दांपत्याने ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडच्या किनाऱ्यावर कांदळवृक्षांच्या मुळांवरील कवके नोंदविली. लाकडावर कवकाची फळे प्रत्यक्ष दिसतात. त्यामुळे ते तेथे वाढले याविषयी संशय उरत नाही. मातीची गोष्ट निराळी आहे. स्वार्ट यांनी १९५८ मध्ये पूर्व आफ्रिकेतील कांदळवनांच्या मातीचा अभ्यास प्रसिद्ध केला. पुढे १९६६ मध्ये पवार व तिरुमलाचार यांनी मुंबईच्या लवणप्रिय मृदाकवकांवर निबंध लिहिला. पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये हॅमायसिन हे कवकनाशक औषध शोधणारे तिरुमलाचार ते हेच.

अशा अभ्यासात माती पाण्यात कालवून पोषक माध्यमावर पसरणे ही रूढ पद्धत होती. तीतून अ‍ॅस्परजिलस, पेनिसिलियम यांसारख्या परिचित प्रजाती वारंवार मिळत. परंतु याच प्रजाती शेतजमिनीतही विपुल असतात. शिवाय वॉरकप यांनी १९५५ मध्येच असे दाखविले होते की, या पद्धतीने उगवणाऱ्या वसाहती बहुधा बीजाणूंपासून निघतात, मातीत पसरलेल्या कवकतंतूंपासून नव्हे. म्हणजे बशीतील वाढ ही मातीतील वाढीची साक्ष नव्हे. जे कवक पुष्कळ बीजाणू निर्माण करते ते यादीत अग्रभागी येते. जे निमूटपणे पाने कुजवीत असते ते कदाचित यादीत येतच नाही.

या अनिश्चिततेत परिभाषेवर मोठा भार पडला. ‘लवणप्रिय’ या संज्ञेत क्षाराची आवड गृहीत धरली आहे. क्षार केवळ सोसणाऱ्या कवकास ‘लवणसहिष्णू’ म्हणणे अधिक युक्त होय. तथापि बशीत दोघांत भेद करण्यास क्षाराच्या निरनिराळ्या प्रमाणांवर वाढ मोजावी लागते. ‘मायकोफ्लोरा’ ही संज्ञाही कवके वनस्पतींत गणली जात त्या काळाची आहे. व्हिटेकर यांनी १९६९ मध्ये कवकांस स्वतंत्र सृष्टी मानल्यावरही ती दीर्घकाळ चालू राहिली. कोलमायर दांपत्याने १९७९ च्या आपल्या ग्रंथात अनिवार्य सागरी कवके व वैकल्पिक सागरी कवके असा भेद केला. पहिली केवळ सागरी वा खाडीच्या परिसरात वाढून बीजाणू निर्माण करतात. दुसरी मूळची गोड्या पाण्यातील वा जमिनीवरील असून सागरी परिसरातही वाढू शकतात. या व्याख्येची कसोटी स्थान ही नसून वाढ ही आहे, हे तिचे महत्त्व.

डीएनए-परीक्षेने हा वाद मिटेल अशी अपेक्षा होती. २०१२ मध्ये आयटीएस हा जनुकीय भाग कवकांच्या ओळखीचे प्रमाण म्हणून सुचविला गेला आणि बशीत न वाढणारी कवकेही मोजता येऊ लागली. परंतु डीएनए सुप्त व मृत बीजाणूंतही असतो. अशा परीक्षेत उपस्थिती कळते, क्रिया कळत नाही. वॉरकप यांचा आक्षेप येथे नव्या वेषात परत येतो. २०१६ मध्ये पांग व सहकाऱ्यांनी सुचविलेल्या व्याख्येने म्हणूनच पुनःपुन्हा सापडण्याबरोबर सागरी परिसरात वाढ, सागरी जीवांशी सहजीवन, अथवा तेथील जनुकीय अनुकूलन वा चयापचय यांपैकी एखादा पुरावा मागितला आहे.

हा भेद केवळ कोशकारांच्या सोयीचा नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये कांदळवनांच्या नाशास कठोर प्रतिबंध केला. परंतु वृक्ष मोजता येतात तशी चिखलातील कवके मोजता येत नाहीत. जे कवक आगंतुक आहे, ते कांदळवनावर भराव पडला तरी अन्यत्र जगेल. जे रहिवासी आहे, त्याचे दुसरे घर नाही, आणि पानांचा कचरा कुजवून खाडीच्या जीवसृष्टीस अन्न पुरविण्यातील त्याचा वाटाही त्यासह नष्ट होईल. सात दशकांच्या याद्या वाचताना प्रत्येक नावापुढे ते कोणत्या पद्धतीने मिळाले हे पाहणे यासाठीच अगत्याचे आहे. नाव नोंदले गेले म्हणजे रहिवास सिद्ध झाला असे नव्हे.