मॅन्युअल की ऑटोमॅटिक? गोंदियासारख्या जिल्ह्यात कार घेण्याआधी समजून घ्या क्लच, मायलेज आणि लायसन्सचं गणित

एमएच ३५. गोंदिया जिल्ह्यात नवी कार घेतली की नंबर प्लेटवर हा कोड येतो. पण त्याआधी शोरूममध्ये एक प्रश्न हमखास विचारला जातो, 'मॅन्युअल दाखवू की ऑटोमॅटिक?'

पुण्या-मुंबईत याचं उत्तर ट्रॅफिक देतं. दर दहा फुटांवर क्लच दाबून डाव्या पायाला गोळे आले की माणूस ऑटोमॅटिककडे वळतो. गोंदियातली परिस्थिती वेगळी आहे. इथे शहरातली गर्दी आहे, रेल्वे फाटकं आहेत, नवेगाव-नागझिऱ्याच्या जंगलातून जाणारा हायवे आहे आणि पावसाळ्यात धानाच्या बांध्यांमधून जाणारे चिखलाचे रस्तेही आहेत. मग इथे कोणती गाडी सोयीची? आधी मुळापासून पाहू.

मुळात गिअर लागतात कशाला?

पेट्रोल किंवा डिझेल इंजिन शून्यापासून ताकद देऊ शकत नाही. गाडी उभी असतानाही ते मिनिटाला साधारण ७०० ते ९०० फेरे फिरत असतं. गाडी जागेवरून हलवायला जास्त ताकद आणि कमी वेग लागतो, तर हायवेवर याच्या उलट. इंजिनाची ताकद आणि चाकांचा वेग यांचा मेळ घालण्याचं काम गिअरबॉक्स करतो.

क्लचचं काम इंजिन आणि गिअरबॉक्स यांना जोडणं आणि तोडणं. पेडल दाबलं की दोघांचा संबंध तुटतो, सोडलं की पुन्हा जुळतो. मधली अवस्था म्हणजे 'हाफ क्लच'. नवशिक्याची गाडी बंद पडते ती इथेच, कारण चाकं हलण्याआधीच क्लच पूर्ण सुटतो आणि इंजिनावर एकदम भार येतो.

मॅन्युअल गाडीत हे सगळं चालक करतो. ऑटोमॅटिकमध्ये क्लचचं पेडलच नसतं. ॲक्सिलरेटर आणि ब्रेक, एवढी दोनच पेडल.

ऑटोमॅटिक म्हणजे नेमकी कोणती?

इथे बरेच जण फसतात. 'ऑटोमॅटिक' या एका शब्दाखाली वेगवेगळ्या मशिनरी विकल्या जातात:

- एएमटी: आत साधा मॅन्युअल गिअरबॉक्सच असतो. फक्त क्लच दाबायचं आणि गिअर बदलायचं काम कॉम्प्युटर आणि मोटर करतात. सगळ्यात स्वस्त. गिअर बदलताना थोडा झटका जाणवतो.
- टॉर्क कन्व्हर्टर: क्लचऐवजी तेलाच्या प्रवाहातून ताकद चाकांपर्यंत जाते. चालवायला मऊ आणि दणकट, पण महाग.
- सीव्हीटी: ठरावीक गिअर नसतात. दोन पुली आणि एक बेल्ट यांच्या मदतीने प्रमाण सलग बदलत राहतं. शहरात अतिशय आरामदायी.
- डीसीटी: दोन क्लच. एक विषम गिअरसाठी, दुसरा सम गिअरसाठी. पुढचा गिअर आधीच तयार असल्याने बदल झटपट होतो. दुरुस्ती खर्चिक.

याशिवाय आयएमटी नावाचा मधला प्रकार आहे. ह्युंदाईने २०२० मध्ये व्हेन्यूमध्ये तो आणला. यात क्लच पेडल नसतं, पण गिअर हातानेच बदलावा लागतो.

आणि इलेक्ट्रिक कार? तिची मोटर शून्य वेगापासून पूर्ण जोर देते. त्यामुळे बहुतेक इलेक्ट्रिक गाड्यांना क्लच नसतो आणि बदलायला गिअरही नसतात. चालवण्याच्या दृष्टीने प्रत्येक ईव्ही ऑटोमॅटिकच असते.

श्रीमंतांची गाडी सर्वसामान्यांकडे कशी आली?

जनरल मोटर्सने 'हायड्रा-मॅटिक' हा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स ओल्ड्समोबील गाड्यांमध्ये १९३९ मध्ये, १९४० च्या मॉडेलसाठी दिला. अमेरिकेत पुढे हाच प्रकार रुळला. भारतात मात्र किंमत आणि मायलेज या दोन गोष्टींमुळे ऑटोमॅटिक बराच काळ महागड्या गाड्यांपुरतीच राहिली.

चित्र बदललं २०१४ मध्ये. मारुती सुझुकीने सेलेरिओ ही एएमटी असलेली छोटी कार बाजारात आणली. त्यानंतर टाटासह इतर कंपन्याही स्वस्त एएमटी घेऊन आल्या. २०२४ मध्ये टाटाने टियागो आणि टिगोरमध्ये सीएनजीसोबत एएमटी दिली.

लायसन्स वेगळं लागतं का?

नाही. दुचाकीच्या लायसन्समध्ये 'गिअरसह' आणि 'गिअरविना' असे दोन वर्ग आहेत. कारसाठी तसा भेद नाही. हलक्या मोटार वाहनाचं, म्हणजे एलएमव्ही लायसन्स असलं की दोन्ही प्रकारच्या गाड्या चालवता येतात.

ब्रिटनमध्ये ऑटोमॅटिक गाडीवर टेस्ट दिली तर लायसन्सही फक्त ऑटोमॅटिकचंच मिळतं. जपाननेही १९९१ पासून 'फक्त ऑटोमॅटिक'साठी वेगळं लायसन्स ठेवलं आहे. भारतात ही अट नसल्याने एक धोका तयार होतो. जो कधीच क्लचवर बसलेला नाही, तोही कायद्याने मॅन्युअल गाडी रस्त्यावर आणू शकतो.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या १५ व्या नियमात टेस्टमध्ये काय तपासायचं ते दिलं आहे. त्यात चढावर गाडी थांबवून, मागे न घसरू देता पुन्हा काढणं हेही आहे. मॅन्युअल गाडीत हँडब्रेक आणि हाफ क्लचचा मेळ जमला नाही तर नवशिक्याची खरी परीक्षा इथेच होते.

गोंदियाच्या रस्त्यांवर कोण भारी?

*शहर आणि फाटक:* गोंदिया हे हावडा-मुंबई मार्गावरचं मोठं जंक्शन आहे. इथून बालाघाट-जबलपूर आणि बल्लारशाहकडेही लाइन जाते. त्यामुळे जिल्ह्यात फिरताना कुठे ना कुठे फाटकावर थांबणं आलंच. फाटक उघडल्यावर रांग मुंगीच्या पावलाने सरकते. इथे ऑटोमॅटिकचा आराम स्पष्ट जाणवतो. मॅन्युअलवाल्याने मात्र वाट पाहताना क्लच दाबून बसण्याऐवजी न्यूट्रल आणि हँडब्रेक लावावा. क्लचचं आयुष्य वाढतं.

*हायवे:* नागपूरला जाताना गोरेगाव-कोहमारा मार्गे राष्ट्रीय महामार्ग ५३ गाठला की सलग वेगात दोन्ही गाड्या सारख्याच. फरक दिसतो ओव्हरटेक करताना. एएमटी गिअर बदलायला क्षणभर वेळ घेते. दुपदरी रस्त्यावर समोरून वाहन येत असताना तो क्षण महत्त्वाचा असतो. म्हणून ट्रक ओलांडण्याआधी मॅन्युअल मोडवर जाऊन एक गिअर खाली घ्यावा, किंवा सरळ थांबावं. जंगलाच्या पट्ट्यात तर वन्यप्राणी कधीही आडवे येऊ शकतात, त्यामुळे वेग कमीच हवा.

*उतार:* सालेकसा तालुक्यातल्या दरेकशासारख्या डोंगराळ भागात उतरताना ऑटोमॅटिकही खालच्या गिअरवर ठेवावी. फक्त ब्रेकवर उतरलं तर ब्रेक तापतात. पेट्रोल वाचवण्यासाठी न्यूट्रलवर गाडी सोडणं दोन्ही प्रकारांत धोक्याचं.

*चिखल:* रोवणीच्या दिवसांत बांधावरच्या रस्त्यात चाक रुतलं तर हाफ क्लचवर हळूहळू ताकद देण्याची मुभा मॅन्युअलमध्ये असते. एएमटीमध्ये ॲक्सिलरेटर दाबत राहिलं तर क्लच तापतो आणि डॅशबोर्डवर इशारा येतो. नाल्याच्या पुलावरून पाणी वाहत असेल तर मात्र गाडी कोणतीही असो, घालू नये.

*धक्का स्टार्ट:* गावाकडे बॅटरी उतरली की चार जण बोलावून धक्का मारणं हा हमखास उपाय. मॅन्युअल गाडी अशी बऱ्याचदा सुरू होते, ऑटोमॅटिक होत नाही. त्यामुळे ऑटोमॅटिकवाल्यांनी जंपर केबल डिक्कीत ठेवलेली बरी. गाडी ओढून न्यायची वेळ आली, तर ज्या चाकांना इंजिनाची ताकद मिळते ती उचलून न्यावीत, नाहीतर गिअरबॉक्सचं मोठं नुकसान होऊ शकतं.

मायलेज आणि खर्च

'ऑटोमॅटिक पेट्रोल पिते' हे आता सरसकट खरं नाही. २०२४ च्या मारुती स्विफ्टचं उदाहरण घ्या. कंपनीच्या आकड्यांनुसार मॅन्युअल लिटरला २४.८० किलोमीटर देते, तर एएमटी २५.७५. प्रत्यक्ष रस्त्यावर दोन्ही आकडे कमी येतात, पण फरक फारसा नाही. टॉर्क कन्व्हर्टर आणि डीसीटीमध्ये मात्र गर्दीत मायलेज कमी पडू शकतं.

किमतीचं पाहिलं तर एएमटीसाठी त्याच गाडीच्या मॅन्युअलपेक्षा साधारण ५० हजार रुपये जास्त मोजावे लागतात. सीव्हीटी, टॉर्क कन्व्हर्टर, डीसीटीसाठी हा फरक लाखाच्या घरात किंवा पुढे जातो. मॅन्युअलची क्लच प्लेट झिजली तर गावाजवळचा मेकॅनिकही बदलू शकतो. ऑटोमॅटिकच्या बिघाडाला बहुतेक वेळा कंपनीचं वर्कशॉप आणि कॉम्प्युटर लागतो. म्हणून बुकिंगआधी एक प्रश्न नक्की विचारा: गिअरबॉक्सचं काम गोंदियातच होईल की गाडी नागपूर-रायपूरला न्यावी लागेल?

मॅन्युअलवरून ऑटोमॅटिकवर येताना जीवघेणी चूक

वर्षानुवर्षं क्लच मारलेला डावा पाय सवयीने हलतो. ऑटोमॅटिकमध्ये तो क्लच समजून ब्रेकवर पडला तर गाडी जागीच थांबते आणि मागचं वाहन येऊन धडकू शकतं. त्याहून गंभीर म्हणजे घाबरून ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटर दाबणं. मॅन्युअल गाडीत क्लच दाबला की चाकांची ताकद तुटते. ऑटोमॅटिकमध्ये ती सोय नाही. म्हणून हे नियम पाठच करा:

१. डावा पाय बाजूला टेकवून ठेवा. दोन्ही पेडल उजव्या पायानेच.
२. गाडी सुरू करताना आणि 'डी' किंवा 'आर' टाकताना पाय ब्रेकवर.
३. अनेक ऑटोमॅटिक गाड्या ब्रेक सोडताच आपोआप सरकतात. अंगणात, लहान मुलं आसपास असताना हे लक्षात ठेवा.
४. उतरताना 'पी' आणि हँडब्रेक दोन्ही. अनेक एएमटी गाड्यांना 'पी' नसतो, तिथे गाडी गिअरमध्ये बंद करून हँडब्रेक लावा.
५. पहिले काही दिवस मोकळ्या मैदानात सराव करा.

मग कोणी काय घ्यावं?

रोज शहरात ये-जा, गुडघेदुखी, डाव्या पायाचा त्रास किंवा निवृत्तीच्या वयात पहिल्यांदा गाडी शिकणं, अशा वेळी ऑटोमॅटिकचे जास्तीचे पैसे वसूल होतात. गाडी चालवायची भीती वाटते म्हणून मागे राहिलेल्या अनेकांसाठी क्लच नसणं हीच मोठी मदत ठरते.

बजेट तंग असेल, गाडी शेतापर्यंत न्यायची असेल किंवा जुनी गाडी घ्यायची असेल तर मॅन्युअल अजूनही भरवशाची.

आणि गाडी कोणतीही घेतली तरी शिकताना मॅन्युअलवर शिका. अर्जुनी मोरगाव किंवा देवरीकडच्या गावात रात्री कुणाला गोंदियाच्या केटीएस किंवा बाई गंगाबाई रुग्णालयात न्यायची वेळ येते, तेव्हा शेजारी जी गाडी उभी असते तीच काढावी लागते. ती मॅन्युअल असण्याचीच शक्यता जास्त. तेव्हा क्लच सोडता येणं उपयोगी पडतं.