नकाशात नसलेलं जिंतूर : १९५६चा रेडिओ प्रयोग कसा वाचायचा?

मागच्या वर्षी एका ऑनलाइन अभ्यासक्रमात मी जनमाध्यमांच्या चिकित्सक अभ्यासावर दोन तास घेतले. पहिल्या तासाला पुणे आकाशवाणीचा १९५६चा प्रयोग शिकवला. तास संपता संपता जिंतूरहून बसलेल्या एका मुलीने प्रश्न लिहून पाठवला (रेंज सारखी जात होती, म्हणून बोलता येईना) : "सर, यात आपला परभणी जिल्हा का नाही?" मी म्हणालो, पुणे केंद्राच्या आसपासची गावं घेतली असतील. उत्तर अगदीच चूक नव्हतं, पण आळशी होतं. नंतर तो प्रश्न डोक्यातून जाईना.

आधी प्रयोग काय होता ते बघू. युनेस्कोच्या मदतीने आकाशवाणीने १९५६च्या फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये पुणे केंद्रावरून शेतकऱ्यांसाठी खास कार्यक्रमांची मालिका लावली. आठवड्यातून दोनदा, एकूण वीस कार्यक्रम. पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतल्या सुमारे १५० गावांत श्रोत्यांची मंडळं केली. लोकांनी एकत्र बसून ऐकायचं, लगेच चर्चा करायची आणि आपले प्रश्न केंद्राला कळवायचे. ही कल्पना कॅनडातल्या शेतकरी मंडळांवरून घेतलेली. मूल्यमापन केलं पॉल न्यूराथ यांनी. ते त्या वेळी मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत होते. त्यांची पद्धत आजही शिकण्यासारखी आहे : मंडळ असलेली गावं, रेडिओ आहे पण मंडळ नाही अशी गावं, आणि रेडिओच नसलेली गावं, तिन्हीकडे प्रयोगाआधी आणि प्रयोगानंतर मुलाखती. निष्कर्ष असा निघाला की नुसता रेडिओ असलेल्या गावांपेक्षा मंडळाच्या गावांत माहिती कितीतरी जास्त वाढली. १९५९मध्ये युनेस्कोने अहवाल छापला आणि त्याच वर्षी ही योजना देशभर नेण्याचं ठरलं.

आता जिंतूर. १९५६च्या एप्रिलमध्ये प्रयोग संपला, तेव्हा परभणी जिल्हा हैदराबाद राज्यात होता. मराठवाडा मुंबई राज्यात आला तो १ नोव्हेंबर १९५६ला. म्हणजे सहा-साडेसहा महिन्यांचं अंतर! पाठ्यपुस्तकात आपण 'महाराष्ट्रातला प्रयोग' असं सहज लिहून जातो. तेव्हा महाराष्ट्र नावाचं राज्यच नव्हतं, आणि प्रयोगाची पाचही जिल्ह्यांची यादी जुन्या मुंबई राज्यातली होती. आजचा नकाशा घेऊन कालचा दस्तऐवज वाचला की अशी चूक होतेच. माझीही झाली.

इथे थोडं सिद्धांताकडे वळतो. घाबरू नका, थोडंच आहे. न्यूराथ हे ऑस्ट्रियाचे. नाझींच्या डाखाऊ आणि बुखेनवाल्ड छळछावण्यांतून सुटून ते अमेरिकेत गेले आणि कोलंबिया विद्यापीठात पॉल लाझार्सफेल्ड यांच्या प्रभावाखाली काम करू लागले. या लाझार्सफेल्ड यांनी १९४१मध्ये माध्यम-संशोधनाचे दोन प्रकार सांगितले होते. एक प्रशासकीय : संस्थेला आपलं काम नीट चालावं म्हणून जे प्रश्न पडतात, त्यांची उत्तरं शोधणारं. दुसरं चिकित्सक : माध्यम कुणाच्या हातात आहे, समाजाच्या रचनेत त्याचं स्थान काय, कुठला प्रश्न विचारलाच जात नाही, हे तपासणारं. ही मांडणी करताना त्यांच्यासमोर आडोर्नो होते. दोघांनी रेडिओच्या एकाच प्रकल्पात काम केलं होतं आणि त्यांचं फारसं जमलं नव्हतं.

पुण्याचा प्रयोग यातल्या पहिल्या प्रकारचा उत्तम नमुना आहे. 'निरोप पोहोचला का, आणि कशामुळे जास्त पोहोचला?' हाच त्याचा प्रश्न. अहवालावर न्यूराथ यांच्याबरोबर दुसरं नाव आहे जगदीशचंद्र माथुर यांचं. माथुर म्हणजे 'कोणार्क' हे हिंदी नाटक लिहिणारे, आणि त्या काळात आकाशवाणीचे महासंचालक. ज्या संस्थेचा प्रयोग, तिचेच प्रमुख अहवालाचे सहलेखक. यावरून अहवाल खोटा ठरवू नका. पण शोधप्रबंधात हा दस्तऐवज वापरणार असाल तर ही गोष्ट पहिल्या पानावरच नोंदवा, आणि मग विचारा : कार्यक्रमांचे विषय कोणी ठरवले? मंडळात कोण बसलं? घरातल्या बायका कुठे होत्या? ज्याला जमीनच नाही त्याने शेतीच्या चर्चेत काय करायचं?

मग दुसऱ्या तासाला मी त्या मुलीच्या प्रश्नावरच बोललो. जिंतूरचा रेडिओचा इतिहास पुण्यापासून सुरू होत नाही. तो हैदराबादच्या डेक्कन रेडिओपासून, म्हणजे निजाम सरकारच्या केंद्रापासून सुरू करायला हवा. १७ सप्टेंबर १९४८ला निजामाने शरणागती जाहीर केली ती रेडिओवरूनच. पुढे १९५०मध्ये हे केंद्र आकाशवाणीकडे आलं. म्हणजे पुण्याच्या गावांना रेडिओ 'विकास' शिकवत होता, त्याच्या आठच वर्षं आधी इकडच्या लोकांनी त्याच यंत्राकडे एका राज्याचा शेवट सांगणारं साधन म्हणून पाहिलं होतं. माध्यमावर विश्वास ठेवायचा की नाही, हे माणूस अशा अनुभवांतून ठरवत असणार. असणार, कारण हे अजून तपासायचं आहे.

तेच काम त्या मुलीने प्रकल्पासाठी घेतलं. तिला पहिल्या आठवड्यातच एक अडचण आली. ज्या आजोबांना विचारावं ते सांगतात, "ती घोषणा आम्ही रेडिओवर ऐकली." सगळ्यांनीच कशी ऐकली असेल? दरवर्षी मुक्तिसंग्राम दिनाची भाषणं ऐकून आठवण घट्ट होत जाते. ऐकीव गोष्ट स्वतःची वाटू लागते. मी तिला म्हटलं, घोषणेचं विचारूच नको. आधी विचार की गावात पहिला रेडिओ कुणाच्या घरी होता, बॅटरीवर चालायचा की विजेवर, ऐकायला ओसरीवर कोण बसायचं आणि अंगणात कोण उभं राहायचं. सालं आठवत नसतील तर येलदरी धरणाचं काम, बहात्तरचा दुष्काळ, कुणाचं तरी लग्न, असं काहीतरी धरून मागे जा.

परवा तिने फोनवर सांगितलं, चारठाण्याच्या बाजूला एक आजी भेटल्या. रेडिओ ऐकायचात का म्हणून विचारलं, तर म्हणाल्या, "ऐकायचे की, भिंतीपलीकडून." तिने ते तसंच्या तसं उतरवून घेतलंय.