चिखलदऱ्याचा 'शोध' नेमका कोणी लावला?

चिखलदऱ्याची माहिती कुठेही वाचा, सुरुवात ठरलेली : १८२३ साली हैदराबाद रेजिमेंटच्या कॅप्टन रॉबिन्सनने या ठिकाणाचा शोध लावला. मित्रांनो, हे वाक्य जरा तपासा. चिखलदऱ्याला लागूनच गाविलगड आहे. डिसेंबर १८०३ मध्ये आर्थर वेलस्लीच्या फौजेने तो लढून घेतला. म्हणजे रॉबिन्सनच्या वीस वर्षे आधीच इंग्रजी तोफा इथे पोचल्या होत्या. किल्ल्याचे नाव गवळ्यांवरून पडले असे मानतात. भोवतालच्या मेळघाटात कोरकू पिढ्यानपिढ्या राहत आले. मग शोध कसला लागला? उन्हाळ्यात साहेबाला थंड हवा कुठे मिळेल, एवढाच!

डोंगरावरच्या बंगल्यात पाणी, सरपण, सामान कोणीतरी वाहून न्यावेच लागते. त्या कोणाचेही नाव इतिहासात नाही. पर्यटनाचा इतिहास असाच लिहिला जातो : आलेला माणूस शोधक, राहणारा माणूस हमाल.

१९७४ मध्ये मेळघाट व्याघ्र प्रकल्प झाला. पुढे जंगलाच्या गाभ्यातली गावे उठवली गेली. वाघ वाचलाच पाहिजे, यात वाद नाही. पण पर्यटक तिकीट काढून ज्या जंगलात फिरतो, तिथला रहिवासी मात्र तिथे नको, हा कुठला न्याय?

आता हा धंदा समजून घ्या. वाहतूक, मुक्काम, जेवण, वाट दाखवणे, बुकिंग आणि कार्यक्रमांचे आयोजन ही त्याची अंगे. जमीन आणि बुकिंग ज्याच्या हाती, मुख्य नफा त्याचा. स्थानिक पोरांच्या वाट्याला येते वाढणे, झाडणे, आणि पाहुण्यांपुढे नाचणे.

कार्यक्रमांचे आयोजन तर आपल्याला नवे नाही. दीक्षाभूमीवर दरवर्षी लाखो लोक येतात. पाणी, भोजनदान, औषधोपचार, पुस्तकांचे स्टॉल यांसाठी हजारो कार्यकर्ते राबतात. आपण त्याला सेवा म्हणतो. बाजार त्याच कामाचे बिल लावतो.

मालकीची वाट कायद्यात आहे. चिखलदरा तालुका अनुसूचित क्षेत्रात येतो, म्हणून १९९६ चा पेसा इथे लागू आहे. २००६ चा वनहक्क कायदा ग्रामसभेला जंगलावर सामूहिक हक्क देतो. अचलपूर तालुक्यातल्या पायविहीरने हा हक्क मिळवला, जंगल राखले आणि आपली सीताफळे स्वतः बाजारात नेली. ग्रामसभा सीताफळ विकू शकते, तर पाहुण्यांचा मुक्काम का चालवू शकत नाही?

अमरावती-अकोल्याच्या तरुणांनो, हा उद्योग जरूर शिका. हिशेब शिका, बुकिंग शिका, कायदा शिका. पण मेळघाटात जाल ते कोरकू भावंडांच्या सोबतीने, त्यांच्या ग्रामसभेचा ठराव मानून. नाहीतर रॉबिन्सन गेला आणि आपण आलो, एवढाच काय तो फरक उरेल.

जय भीम!