छोटी गोळी, मोठं जनावर : माळवा-निमाडच्या शिकारीतला दयेचा हिशेब

इंदूरच्या दक्षिणेला रालामंडळच्या टेकडीवर होळकरांची शिकारगाह अजून उभी आहे. १९८९ साली त्या टेकडीला अभयारण्याचा दर्जा मिळाला आणि आता तिथे चितळं चरतात. आपल्या परदेशीपुऱ्यातली बरीच मंडळी सुट्टीच्या दिवशी तिकडे जाऊन आलेली असतील. शिकारीचा इतिहास म्हटला की आपण पडलेली जनावरं मोजतो : वाघ किती, सांबर किती. गोळी लागून झाडीत शिरलेली आणि दोन दिवसांनी कुठेतरी ओढ्याकाठी मेलेली जनावरं त्या मोजणीत नसतात. हा लेख त्यांच्याबद्दल आहे. हरणासाठी कोणती गोळी योग्य, हा प्रश्न वरवर हत्यारांचा वाटतो, पण खरं पाहता तो जनावर किती वेळ तडफडणार याचा आहे.

फॉर्सिथचा गोल गोळा

कॅप्टन जेम्स फॉर्सिथ हे नाव पचमढीला जाऊन आलेल्यांना ठाऊक असेल. १८६२ साली तो तिथे पोचला. त्याचं ‘बायसन लॉज’ आजही दाखवतात. पुढे तो आपल्या शेजारच्या निमाडचा डेप्युटी कमिशनर झाला. त्याचं ‘हायलँड्स ऑफ सेंट्रल इंडिया’ (१८७१) इतिहासाची आवड असलेले लोक वाचतात, पण त्याआधी १८६३ मध्ये त्याने शिकारी रायफल आणि तिच्या गोळ्या एवढ्याच विषयावर एक पुस्तक लिहिलं होतं, तिकडे फारसं कोणी वळत नाही.

त्याचं म्हणणं सरळ होतं. सातपुड्याच्या झाडीत बार बहुधा शंभर यार्डांच्या आतच टाकावा लागतो. मग लांब पल्ल्याच्या निमुळत्या गोळीचा हट्ट कशाला? मोठ्या बोअरची नळी घ्या, तिच्यातले आटे सावकाश वळणारे ठेवा, शिशाचा गोल गोळा घाला आणि दारू भरपूर भरा. असा गोळा आत शिरताना चपटा होतो, जखम रुंद होते आणि जनावर लवकर पडतं. म्हणजे काय, तर त्या काळी दया मोठ्या भोकाने मोजली जायची. त्याची किंमत होती जड बंदूक, खांद्याला बसणारा दणका आणि पहिल्याच बारानंतर डोळ्यांपुढे धुराचा पडदा.

बोअर लहान झालं

१८९० च्या सुमारास बिनधुराची दारू आली आणि चित्र पालटलं. मॅनलिखरची ६.५ मिलिमीटर, माउझरची ७ मिलिमीटर अशा हलक्या रायफली शिकाऱ्यांच्या हाती आल्या. गोळी वेगाने जायची, नेमही सोपा झाला. पण एवढ्या वेगात नुसतं शिसं टिकेना, म्हणून गोळीवर धातूचं कवच आलं, आणि ही पूर्ण कवचाची गोळी हरणाच्या आरपार जाऊ लागली. भोक बारीक, रक्त थोडं, माग लागत नाही. जनावर मरायचं खरं, पण शिकाऱ्याच्या नजरेआड आणि फार उशिरा.

यावर उपाय म्हणजे कवचाचं टोक उघडं ठेवून आतलं शिसं बाहेर दिसू देणं. अशी गोळी शरीरात शिरली की भूछत्रासारखी पसरते. हाच प्रकार कलकत्त्याजवळच्या दमदमच्या कारखान्यात लष्करासाठी तयार झाला आणि ‘दमदम’ हे नाव जगभर बदनाम झालं. १८९९ च्या हेग परिषदेत युद्धात पसरणाऱ्या गोळीवर बंदी आली. गंमत अशी, की रणांगणावर जी क्रूर ठरली तीच जंगलात दयेची ठरली. सैनिक जखमी झाला की त्याला उचलून दवाखान्यात नेता येतं. चितळाला कोण नेणार? तिथे लवकर येणारं मरण हीच काय ती मेहेरबानी.

लहान बोअर म्हणजे निर्दय, असंही नाही बरं का. चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्यावर १९०७ साली जिम कॉर्बेटला भेट मिळालेली रिग्बी रायफल ७ मिलिमीटरचीच होती. योग्य गोळी, जवळचं अंतर आणि फऱ्यामागे हृदय-फुफ्फुसावर नेम, हे तिन्ही जमलं तर लहान बोअर पुरतं. पण यातलं एक जरी चुकलं, तर लहान बोअर मोठ्याइतकं सांभाळून घेत नाही.

पॉइंट टू-टूचा मोह

आपल्या देशात .३०३ ही लष्करी बोअर म्हणून सामान्य परवानाधारकाला बंद. त्यामुळे इशापूरची .३१५ रायफल, बारा बोअरची दुनळी आणि छोटी .२२ हीच हत्यारं जास्त दिसली. दुनळीत एल.जी.चे मोठे छर्रे भरून हरणावर झाडायचे, म्हणजे एखादं पडणार आणि शेजारची दोन अंगात छर्रे घेऊन पळणार.

.२२ ची गोष्ट आणखी वाईट. काडतूस स्वस्त, आवाज कमी, दणका जवळजवळ नाही. गोळीचं वजन ४० ग्रेन, म्हणजे अडीच ग्रॅमच्या आसपास. हे काडतूस निशाणेबाजीसाठी आणि सशासारख्या छोट्या जनावरांसाठी. पूर्ण वाढलेला चितळ नर सत्तर-ऐंशी किलोचा असतो. जीप आणि हेडलाइट आल्यावर रात्री चमकणाऱ्या डोळ्यांवर ती झाडणं सोपं झालं, पण सोप्या शिकारीतलं मरण जनावराला सोपं नव्हतं.

इंग्लंडने १९६३ च्या कायद्यात याचा हिशेब आकड्यांत मांडला : हरणासाठी रायफल किमान .२४० इंचाची आणि तिचा मार किमान १७०० फूट-पाउंडांचा हवा. .२२ चा मार दीडशेच्याही आत, म्हणजे अकरावा हिस्साही नाही! गोळी मऊ किंवा पोकळ टोकाचीच हवी, असंही तिथल्या कायद्यात आलं. टोक फार मऊ असेल तर लहान, वेगवान गोळी फऱ्याच्या हाडावरच फुटते आणि जखम वरवरची राहते. म्हणून १९४८ साली अमेरिकेत जॉन नॉस्लरने गोळीच्या मध्ये धातूची आडभिंत घातली : पुढचा भाग पसरतो, मागचा एकसंध आत जातो.

आपल्या १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातही मुळात हा विचार होता. चितळ-सांबरासारख्या ‘बिग गेम’ला रायफलच हवी, दुनळी वापरायची तर खास परवाना आणि एकच गोळी. मोटारीतून, रात्री, पाणवठ्यावर बार टाकायला मनाई. १९९१ च्या दुरुस्तीने शिकारीचे परवानेच संपले आणि त्यांच्यासोबत ही कलमंही गेली. काळविटाला तर आधीपासून पहिल्या परिशिष्टाचं पूर्ण संरक्षण होतं.

म्हणजे प्रश्न मिटला का? नाही. पिकात घुसणाऱ्या नीलगायी, ज्यांना माळव्यात रोज किंवा घोडारोज म्हणतात, त्या मारायची परवानगी कायद्याने आजही मिळू शकते. नीलगाय हरिण-काळविटापेक्षा कितीतरी दांडगी. २०१९ साली बिहारच्या वैशाली जिल्ह्यात गोळीने जखमी झालेली नीलगाय जेसीबीने खड्ड्यात ढकलून जिवंत पुरल्याची चित्रफीत देशभर फिरली. शेतकऱ्याचं नुकसान खरं आहे आणि त्याची तक्रारही रास्त आहे. पण परवानगीच्या कागदावर जनावराचं नाव आणि मुदत असून भागत नाही. कोणतं हत्यार, कोणती गोळी, किती अंतरावरून आणि जखमी जनावराचा माग काढायची जबाबदारी कोणाची, हेही त्यावर लिहिलेलं हवं. फॉर्सिथपासून १९७२ पर्यंत या भागाने ते जनावरांच्या जिवावर शिकून घेतलं होतं. शिकार बंद झाली हे चांगलंच झालं, पण तिच्यासोबत हा धडाही विसरला गेला, तर त्याची किंमत पुन्हा मुकं जनावरच मोजणार.